लेगर बिअरचा घरगुती किट : डब्यातला पाक उत्तम, पाकिटातले यीस्ट चुकीचे

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये लीड्सला मुलीकडे साडेचार महिने राहण्याचा योग आला, तेव्हा जावयांनी आणून ठेवलेल्या, घरी लेगर (थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली) बिअर करायच्या किटवर मी दोन वेळा काम केले. परतल्यापासून जुळे सोलापुरातले मित्र, विशेषतः ज्यांची मुले परदेशी आहेत असे, त्याविषयी विचारत आहेत; त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, म्हणून हा किट मागवून सोलापुरात वापरण्याचा विचार कोणी करू नये.

किटमध्ये १.७ किलोचा पत्र्याचा डबा, झाकणाखाली यीस्टचे (साखरेचे मद्य करणाऱ्या किण्वाचे) लहान पाकीट आणि सूचनांचा एक कागद असतो. डब्यात माल्टचा पाक असतो. तो दिसायला आपल्या काकवीसारखा, तितकाच दाट आणि चिकट असतो. सातूला मोड आणणे, तो भट्टीत वाळवणे, गरम पाण्यात त्याची साखर उतरवणे आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालून उकळणे ही सगळी मेहनतीची कामे त्यात आधीच झालेली असतात. आपण फक्त तीन लिटर उकळत्या पाण्यात तो पाक आणि एक किलो डेक्स्ट्रोज साखर विरघळवायची, थंड पाणी घालून २३ लिटर करायचे आणि यीस्ट टाकून बादलीचे झाकण एअरलॉकसह (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न येऊ देणाऱ्या नळीसह) बंद करायचे. पाकाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्याला करपल्याचा वास नव्हता, रंग उजळ होता आणि हॉप्सचा कडवटपणा बेताचा होता. वीस पौंडांच्या आसपास किमतीत हे मिळत असेल तर डबा पैसे वसूल करतो, असेच मी म्हणेन.

तक्रार आहे ती यीस्टबद्दल आणि सूचनांबद्दल. कंपनीचे नाव देत नाही, कारण लेगर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त डब्यांना हेच लागू होते. सूचनेत लिहिले होते की बादली १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी आणि दहा दिवसांनी बाटल्या भराव्यात. हे तापमान एल, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरच्या, यीस्टचे आहे. लेगरचे यीस्ट वेगळे असते, ते १० ते १३ अंशांत सावकाश काम करते, आणि नंतर ती बिअर कित्येक आठवडे थंडीत मुरवावी लागते. ‘लेगर’ हा शब्दच साठवून ठेवणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आला आहे. तेव्हा डब्यावर लेगर लिहून आत उबदार खोलीत चालणारे यीस्ट देणे, हे मला ग्राहकाशी प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पहिल्या वेळी मी सूचना अक्षरशः पाळल्या. माझी सारी नोकरी चादरींच्या रंगखात्यात गेली, त्यामुळे द्रावणात घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडून पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही. सुरुवातीची घनता १.०३९ भरली, म्हणजे आमच्या रंगखात्यातल्या ट्वॅडल या घनतेच्या मापात ७.८ अंश. साखरेचे मद्य होत गेले तशी ती उतरली आणि नऊ दिवसांनी १.००८ वर येऊन थांबली. दोन्ही आकड्यांतील फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण निघते. ते चार टक्के आले. बिअर पिण्याजोगी होती, पण चवीला पातळ होती आणि तिला पिकलेल्या फळासारखा वास होता. उबदार खोलीत एल यीस्ट असा वास सोडते, आणि लेगरमध्ये तो नको असतो. एक किलो डेक्स्ट्रोजने मद्यार्क वाढतो, बिअरचे अंग (चवीतला भरीवपणा) वाढत नाही, हेही तेव्हा कळले.

दुसऱ्या वेळी, डिसेंबरच्या अखेरीस, तोच डबा घेतला, पण डेक्स्ट्रोजऐवजी एक किलो माल्टची कोरडी पूड वापरली, पाणी २१ लिटरपर्यंतच घातले आणि खऱ्या लेगर यीस्टची ११.५ ग्रॅमची दोन पाकिटे वेगळी विकत आणली. थंडीत यीस्टला जोर कमी पडतो, म्हणून एका पाकिटावर भागवू नये. बादली गॅरेजमध्ये ठेवली, रात्री तिच्याभोवती जुनी सोलापुरी चादर गुंडाळली आणि तापमान ११ अंशांच्या आसपास राखले. चौथ्या दिवशी सडक्या अंड्यासारखा वास आला, तेव्हा मुलगी सगळे ओतून द्यायला निघाली होती. हा गंधकाचा वास लेगर यीस्टचा नेहमीचा आहे आणि तो आपोआप जातो, याचा सूचनेत एका ओळीनेही उल्लेख नाही. सोळाव्या दिवशी बादली स्वयंपाकघरात आणून तीन दिवस १७ अंशांत ठेवली, कारण यीस्टने मागे ठेवलेला लोण्यासारखा वास त्या ऊबेत यीस्टच शोषून घेते. घनता १.०४२ वरून १.०१० वर आली होती. अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत तीन ग्रॅम साखर घालून झाकणे लावली, दोन आठवडे घरात आणि पुढे सहा आठवडे थंड गॅरेजमध्ये ठेवली. घनता स्थिर होण्याआधी बाटल्या भरू नयेत. आत वायू साचत राहून बाटली फुटण्याचा धोका खरा असतो, आणि म्हणूनच दहा दिवसांचा सरसकट नियम मला बेजबाबदार वाटतो.

परत येताना विमानप्रवाशाला करमुक्त आणता येणाऱ्या दोन लिटरच्या मर्यादेत चार बाटल्या आणल्या, दोन्ही वेळच्या दोन-दोन. एप्रिलमध्ये मद्यपानाचा परवाना असलेल्या दोन मित्रांसोबत तीन बाटल्या उघडल्या; सोबत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. पहिल्या वेळची बिअर चटणीच्या तिखटापुढे हरवून गेली. दुसरी मात्र नितळ सोनेरी होती, तिचा फेस ग्लासच्या कडेला टिकून राहिला, धान्याची गोडी आधी आणि हॉप्सचा कोरडा कडवटपणा नंतर आला, आणि आम्ही तिघेही काही वेळ बोललोच नाही. 

दुसऱ्या वेळची उरलेली बाटली मी मुद्दाम फ्रिजबाहेर, स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवली होती. मे महिन्याच्या शेवटी, बाहेर पारा चाळिशीपार असताना, ती दोन दिवस थंड करून उघडली. रंग तोच होता आणि फेसही आला, पण चव ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, आणि धान्याची ती गोडी कुठेच उरली नव्हती.