शेवरी रुसली नव्हती

माटुंगा पूर्वेच्या या दवाखान्यात मी गेल्या चार महिन्यांत पाच वेळा गेले. मुंबईत कुत्र्यामांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, सशाला नीट हाताळणारे मात्र शोधावे लागतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवरी ही आमची सशाची मादी, तेव्हा सात महिन्यांची होती. परळच्या आमच्या दोन खोल्यांत ती मोकळीच असते. संध्याकाळी मी भाजी निवडायला बसले की मांडीला टेकून आडवी व्हायची. कपाळावरून अंगठा फिरवला की हलकेच दात वाजवायची. मांजर घुरघुरतं ना, तसं सशाचं हे सुख. एकाएकी ते सगळं थांबलं. हात पुढे केला की गुरगुरून अंगावर यायला लागली, दोनदा चावलीही. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली त्याच आठवड्यातली ही गोष्ट, त्यामुळे पोर तिच्यासाठी झुरतेय असं मी धरून चालले. आधीच्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासून ‘लाडावलीय’ म्हणून परत पाठवलं. चार दिवसांनी पाहते तर ती गळ्याखालचे केस उपटत होती आणि तोंडात गवत भरून कपाटामागे नेत होती. मला रडूच आलं.

इथल्या डॉक्टरबाईंनी तिला टोपलीतून ओढून काढलं नाही. जमिनीवर टॉवेल अंथरला, स्वतः खाली बसल्या आणि शेवरी आपणहून बाहेर येईपर्यंत मला प्रश्न विचारत राहिल्या. किती खाते, लेंड्या केवढ्या, गवत कुठे नेते. मग पोट चाचपलं, दात पाहिले, वजन केलं. म्हणाल्या, ‘ताई, ही रुसलेली नाही. हिला वाटतंय आपल्याला पिल्लं होणार.’ नर जवळ नसतानाही मादीला असं होतं, दोन-अडीच आठवड्यांत ओसरतं आणि पुन्हा होऊ शकतं. घरटं मोडू नका, तिथे हात घालू नका, एवढंच त्यांनी बजावलं. माझी एक चूकही दाखवली. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, आणि वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो. तेव्हापासून मी आधी बोलते, मग बाजूने हात नेते.

गर्भाशय काढायचा सल्लाही त्यांनीच दिला. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. उपाशी आणू नका, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. सशाला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी मंदावतात. तुमचा डॉक्टर सशाला रात्रभर उपाशी ठेवायला सांगत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा. भूल उतरल्यावर शेवरीने कोथिंबिरीची काडी ओढली तेव्हाच त्यांनी आम्हाला सोडलं. रात्री त्यांचा फोनही आला, ‘लेंड्या टाकल्या का?’

तपासणीचे ७०० रुपये, शस्त्रक्रियेचे औषधांसकट ९,५०० झाले. मला ते जड गेले, पण एकही पैसा वाया गेला नाही.

उणिवा आहेत. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाकावर शेजारीच कुत्री भुंकत असतात आणि त्या आवाजाने ससा थिजून बसतो. आम्ही जिन्यातच थांबायचो. सशांना वेगळी वेळ द्यायलाच हवी. रविवारी आणि रात्री बंद. ससा दहा-बारा तास काही खात नसेल तर सकाळची वाट पाहण्यात अर्थ नसतो, म्हणून रात्रीचा दुसरा दवाखाना आधीच हेरून ठेवा.

टाके भरले तरी शेवरी महिनाभर लांबच होती. सहाव्या आठवड्यात मी मेथी निवडत असताना येऊन तिने माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासली. मांडीला टेकून पसरायला आणखी दहा दिवस घेतले.

जाणार असाल तर दुपारी तीनची वेळ मागा, तेव्हा कुत्री कमी असतात. टॅक्सीने जा. गुरगुरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या आणि त्या दिवशीच्या लेंड्या कागदाच्या पुडीत, बाई पहिल्यांदा त्याच मागतात.