शाकाहारी माणसाने महागड्या सुशी रेस्टॉरंटमध्ये काय खावं? काही महिन्यांचा अनुभव

एका बड्या सुशी रेस्टॉरंटमध्ये गेले काही महिने नेमाने जेवतेय. मी पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. "मग तिथे जाऊन खातेस तरी काय?" हे सगळ्यांचं विचारून झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

खायला पुष्कळ आहे. भातावर ठेवलेला मासा दिसतो, तो टाळता येतो. खरी डोकेदुखी न दिसणाऱ्या माशाची. जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा म्हणजे दाशी. नेहमीची दाशी कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि बोनिटो माशाचे सुकवून धुरावलेले काप यांची करतात, आणि ती कुठे नसते ते विचारा! मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घातलेल्या सूपमध्ये असते, तळलेल्या तोफूखालच्या रशात असते. इनारी, म्हणजे तोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला किती साधी, पण तिची तोफूची पिशवीसुद्धा बहुधा दाशीतच शिजवलेली असते. पॉन्झू या आंबट सॉसमध्येही बऱ्याचदा बोनिटो असतोच. म्हणून मेनूवर 'व्हेज' लिहिलंय यावर जाऊ नका, दाशी कशाची ते विचारा.

सुरुवातीला वेटरचं उत्तर ठरलेलं: "नो फिश, मॅडम." आत जाऊन विचारून या म्हटलं, तर सूप निमूटपणे परत गेलं. हल्ली आदल्या दिवशी फोन केला की माझ्यासाठी कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमची वेगळी दाशी करतात. चवीत काही उणं नाही. उमामी या पाचव्या चवीचा शोध जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये लावला तोच मुळी कोम्बूच्या दाशीवरून, आणि बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण म्हणजेच शोजिन र्‍योरी तर शतकानुशतकं माशाविना चालत आलंय.

आता खरं कौतुक. वांग्याची निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेलं वांगं! वांगं भाजून, साल काढून, लांबट कापतात, वर बोटभर गोडसर मिसो लावून पुन्हा आच देतात. खालचा भात कोमट, व्हिनेगरची चव जेमतेम जाणवणारी, आणि दाबलेला इतका हलका की तोंडात गेल्या गेल्या दाणे सुटतात. याच्या खालोखाल कांप्यो माकी (माकी म्हणजे भाताची गुंडाळी): दुधीच्या वाळवलेल्या पट्ट्या सोया आणि साखरेत शिजवून भातासह नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात, गुंडाळलेल्या. शिसो या सुगंधी वनस्पतीचं पान आणि उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाची माकीही झकास. हे अस्सल जपानी चवीचे प्रकार आहेत, शाकाहाऱ्यांची समजूत काढायला केलेले नाहीत, आणि ते चवीत कळतं. उलट खास 'व्हेज स्पेशल' म्हणून येतं ते ॲव्होकाडो, मेयो (त्यातही अंडं!) आणि वरून ट्रफल तेलाचा भपका. एकदा खाऊन बघा, तुम्हीच पुन्हा मागवणार नाही.

टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, मी सोडलाच. पिठात अंडं असतं आणि कोळंबीही त्याच तेलात तळतात. सुरी आणि फळी माझ्यासाठी धुऊन घेतात, पण वेगळी नाही. ज्यांना एवढंही चालत नाही त्यांनी इथे जाऊच नये. आणखी एक, ताजी वासाबी (सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी जिच्यापासून होते तो कंद) पारंपरिक पद्धतीने शार्कच्या कातड्याच्या किसणीवर किसतात. मी धातूची किसणी मागून घेते. शेफने भुवया उंचावल्या, पण दिली.

तक्रार बिलाची. भाज्यांच्या ओमाकासेला (शेफ स्वतः ठरवून एकेक पदार्थ वाढतो ते जेवण) माशाच्या ओमाकासेइतकेच पैसे. मेहनत तेवढीच लागते, हे त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. जाणार असाल तर काउंटरवरची जागा मागा आणि गर्दीची वेळ टाळा. गर्दीत शेफशी बोलता येत नाही, आणि मग पुन्हा "नो फिश, मॅडम" सुरू होतं.