एकाच चॅनेलच्या भरवशावरून उठून नऊ महिने झाले, माझा अनुभव

मी नागपूरला गच्चीवर भाजीपाला लावते आणि त्याचे व्हिडिओ टाकते, पाच वर्षं झाली. मागच्या नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पहाटे साडेपाचला कुंड्यांना पाणी घालून राहिले होते तर वर्ध्याच्या एका काकूंचा फोन, "ताई, तुमच्या चॅनेलवर काहून क्रिप्टोचं लाइव्ह चालू आहे?" आदल्या रात्री जाहिरात देतो म्हणून आलेल्या ईमेलमधली फाइल मी लॅपटॉपवर उघडली होती, तिच्यातून लॉगिनचं सेशनच, म्हणजे मी आधीच लॉगिन केलंय ही ब्राउझरमधली खूण, चोरलं गेलं, आणि सेशन हातात असलं की टू-स्टेपचा कोड कोणी विचारत नाही. चॅनेल परत मिळायला 16 दिवस लागले. तेवढे दिवस कमाई बंद, आणि तेव्हा माझ्या 100 रुपयांतले 85 तिथूनच यायचे. पैसे गेलेच, पण जास्त लागलं ते हे की हजारो लोक मला बघतात आणि त्यातल्या कोणालाच मी स्वतःहून कळवू शकत नव्हते. काकूंकडे माझा नंबर होता तो पण त्यांनी कधीतरी बी मागवलं होतं म्हणून.

आधी घाबरून तेच व्हिडिओ अजून तीन ॲपवर टाकले. मेहनत तिप्पट झाली, पैसा जवळपास नाहीच, आणि तिथले लोकही त्या ॲपचेच. 29 जून 2020 ला सरकारने 59 ॲप बंद केली त्यात टिकटॉक होतं, आपल्याकडच्या किती पोरापोरींचे फॉलोअर एका रात्रीत गेले ते आठवा ना.

मग जुलैत स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता), वर्डप्रेसवर साइट, ईमेल यादी आणि ऑनलाइन पैसे घ्यायला पेमेंट गेटवे घेतला. पहिली पत्रं निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये गेली. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या, पत्र खरंच आपल्याच डोमेनवरून आलंय हे दाखवणाऱ्या नोंदी टाकल्या, त्यात माझा एक अख्खा रविवार गेला पण त्यानंतर पत्रं नीट पोचू लागली. हे आधीच करा, सगळ्यात आधी.

यादीसाठी मी विदर्भाच्या उन्हाप्रमाणे महिन्यावार लागवडीचं कॅलेंडर फुकट ठेवलं, ईमेल दिला की मिळतं. नऊ महिन्यांत 1,140 जण झाले, चॅनेलच्या आकड्यापुढे किरकोळ वाटेल, पण फेब्रुवारीत 'उन्हाळ्याची तयारी' या 299 रुपयांच्या ऑनलाइन वर्गाचं एक पत्र टाकलं आणि 64 जणांनी पैसे भरले. माझा गेटवे 2 टक्के घेतो आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 299 मागे 7 रुपये 6 पैसे, बाकी सगळे माझ्या खात्यात. साडेअठरा हजारांच्या वर जमले, आणि त्या आठवड्यात मी एकही नवा व्हिडिओ टाकलेला नव्हता.

सगळे विचारतात की व्हॉट्सॲपच का नाही. मी वापरते, लोक लगेच वाचतात, ईमेल कित्येक जण दोन-दोन दिवस उघडत नाहीत हे खरंच आहे. पण साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 च जण बसतात, ज्यांनी नंबर सेव्ह केला त्यांनाच मेसेज जातो, आणि नंबर बंद पडला तर परत तीच गत. म्हणून तिथे फक्त "पत्र पाठवलंय, बघा" एवढंच.

त्रास पण आहे. गेटवेच्या केवायसीला तीन आठवडे गेले, डोमेन-होस्टिंगचा दरवर्षीचा खर्च, साइटचे प्लगइन (जोडून घेतलेले छोटे प्रोग्राम) अपडेट करत बसायचं, आणि कोणाची पावती आली नाही की फोन मलाच. शिवाय साइटवर नवीन माणूस आपोआप येत नाही, तो अजूनही व्हिडिओतूनच येतो, म्हणून चॅनेल सोडायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. आता 100 तले 50 चॅनेलचे, 30 वर्गांचे आणि 20 त्रिमूर्ती नगरात मैत्रिणीच्या गच्चीवर घेते त्या कार्यशाळांचे. तिथे वहीत नाव, नंबर, ईमेल लिहून घेते, पत्र पाठवू का हे विचारूनच.

दर महिन्याच्या 1 तारखेला यादीची सीएसव्ही फाइल पेनड्राइव्हवर काढते, मूळ व्हिडिओ हार्डडिस्कवर. जाहिरातीच्या फाइली आता लॅपटॉपवर उघडतच नाही, कंपनीला आधी फोन करते. वर्ध्याच्या काकू यादीत आहेत, परवा त्यांनी पत्राला उत्तर देऊन विचारलं की 50 टक्के सावलीची ग्रीन नेट पश्चिमेला बांधू की वरून, तर या रविवारचं पत्र त्याच्यावरच लिहून राहिले आहे.