निकॉन डी९० जुना घेतला : शिमग्यापासून दिवाळीपर्यंत काय बिघडलं आणि काय बिघडलंच नव्हतं

शिमग्याच्या तोंडावर घेतला होता, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे चिपळूणचा अख्खा पावसाळा या कॅमेऱ्याने माझ्याकडे काढलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बॉडी डी९०, सोबत १८-१०५ ची किट लेन्स (बॉडीबरोबर येणारी झूम लेन्स) आणि एक जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स. विकणारा लग्नाची कामं करणारा स्टुडिओवाला, तो मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर गेला आणि हा कपाटात पडून राहिला. किती वर्षं पडून होता ते त्याने काही नीट सांगितलं नाही, ते कॅमेऱ्यानेच सांगितलं.

माहिती नसेल त्यांच्यासाठी : डी९० ऑगस्ट २००८ चा, १२.३ मेगापिक्सेल, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा). मला व्हिडिओचं काही नव्हतं, मला हवी होती ती बॉडीतली फोकस मोटर. जुन्या डी लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यामुळे त्याच काळातल्या डी३००० किंवा डी५००० वर ती ५० एमएम लावली तर हाताने फोकस करत बसावं लागतं, इथे ती कर्रकर्र आवाज करत का होईना पण आपोआप होते.

या महिन्यांत माझं जे मत झालंय ते आधीच सांगून टाकते. जुन्या डीएसएलआरमध्ये लोक शटर काउंटला (आतापर्यंत किती फोटो काढून झालेत त्या आकड्याला) घाबरतात, आणि खरा त्रास देतात ते कॉन्टॅक्ट (लेन्स आणि बॉडी जोडणारे सोनेरी ठिपके), बॅटरी, दमट हवा आणि नुसतं पडून राहणं. शटर १ लाख फोटोंसाठी टेस्ट केलेलं आहे असं कंपनी सांगायची, माझं त्याच्या जवळ पोचलंय आणि अजून एकदाही अडलेलं नाही. बाकी सगळं मात्र आळीपाळीने अडून झालंय.

घेतानाच पहिली गंमत. दुकानात किंवा कुणाच्या घरी बॅटरी न घालता व्ह्यूफाइंडरमधून बघितलंत तर अंधारलेलं, मळकट दिसतं आणि वाटतं की आत बुरशी आलीय. तसं नसतं. आत फोकस पॉइंट दाखवणारा एलसीडीचा पापुद्रा असतो, त्याला करंट मिळाला नाही की दृश्य असंच मंद दिसतं, चार्ज केलेली बॅटरी घातली की लख्ख. त्यानंतरही धूसर वाटलं तर आयपीसच्या शेजारचं छोटं चाक फिरवा, ते आपल्या नंबरप्रमाणे लावायचं असतं, आधीच्या मालकाच्या चष्म्यावर सेट असतं. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे काळे कण फोटोत येत नाहीत, ते फोकसिंग स्क्रीनवर असतात, त्यांच्या नादी लागून आत कापूस घालू नका, ती स्क्रीन प्लॅस्टिकची असते आणि चरे पडले की कायमचे.

घरी आणला तेव्हा वरच्या छोट्या डिस्प्लेवर क्लॉक लुकलुकत होतं. हेच ते "कॅमेऱ्यानेच सांगितलं". घड्याळासाठी आत वेगळी छोटी बॅटरी असते, ती मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होते आणि पूर्ण भरली की साधारण तीन महिने टिकते. म्हणजे क्लॉक लुकलुकतंय तर कॅमेरा त्याहून जास्त काळ बॅटरीशिवाय पडून होता, एवढं नक्की. भरलेली बॅटरी आत घालून दोन-तीन दिवस तसाच ठेवा, मग तारीख लावा. त्यानंतरही रोज तारीख उडत असेल तर ती आतली बॅटरी गेली, ती बदलायला बॉडी उघडावी लागते. माझी टिकली.

बॅटरी. स्टुडिओवाल्याने दोन दिल्या, एक ओरिजिनल ईएन-ईएल३ई आणि एक कुठल्या तरी कंपनीची डुप्लिकेट. सेटअप मेनूत बॅटरी इन्फो म्हणून पान आहे, तिथे चार्ज किती, या चार्जवर किती फोटो झाले आणि बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ० नवीन आणि ४ म्हणजे बदला. ओरिजिनल ३ वर होती, तरी लग्नाचा अर्धा दिवस आरामात काढते. डुप्लिकेट कायम ० दाखवते, म्हणजे ती म्हातारीच होत नाही, आणि पूर्ण भरलेली दाखवता दाखवता एकदम मरते. कॅमेरा अचानक बंद, आरसा अर्ध्यात, मग पुन्हा चालू केला की ठीक, हे तीनदा झालं की माणूस बॉडीला शिव्या देतो, पण आधी दुसरी बॅटरी घालून बघा. आणि डुप्लिकेट जराशी जरी फुगलेली वाटली, आत सरकताना घासायला लागली, तर त्याच दिवशी बाजूला काढा, एकदा आत अडकली की काढताना दार तुटतं. डी७० किंवा डी१०० च्या ईएन-ईएल३ आणि ३ए या बॅटऱ्या दिसायला तशाच पण यात चालत नाहीत, जुना माल घेताना ते शेवटचं ई अक्षर बघून घ्या. डी८०, डी२००, डी३००, डी७०० यांना हीच बॅटरी लागते त्यामुळे ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे असतेच.

कार्डाचं थोडक्यात. हा कॅमेरा एसडीएचसी प्रकारच्या कार्डापर्यंतच चालतो, म्हणजे ३२ जीबी. ६४ चं कार्ड घालून "स्लॉट खराब आहे" म्हणणारे लोक मी स्वतः पाहिलेत. फॉर्मॅट कॅमेऱ्यातच करायचं, लाल रंगात फॉर्मॅट लिहिलेली दोन बटणं एकत्र दाबून धरली की होतं. डिस्प्लेवर सीएचए (कार्डाची गडबड) असं लुकलुकलं तर कार्डाचे सोनेरी पट्टे पुसा, दुसरं कार्ड घाला, दुसरं चाललं तर पहिलं फेकून द्या, त्यात लग्नबिग्न काढू नका.

आता मुख्य भानगड, जिच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

श्रावणात कधीतरी १८-१०५ लावली की वरच्या डिस्प्लेवर एफ आणि पुढे दोन रेघा यायला लागल्या, कधी तेही नाही, सरळ एरर, शटर दाबलं की ठक्क आणि थांबलं. एफपुढे दोन रेघा म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स लागलीय हेच कळत नाहीये. एरर मात्र कशानेही येऊ शकते आणि तिथेच माणूस घाबरतो. मी काय केलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. बॅटरी बदलली, तेच. कार्ड काढलं, तेच. मग ५० एमएम लावली आणि सगळं व्यवस्थित. परत १८-१०५, परत रेघा. म्हणजे बॉडी निर्दोष, शटर निर्दोष, गडबड त्या लेन्समध्ये. एवढं कळायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, तरी लोक आधी बॉडी कुरियर करतात.

लेन्स उलटी करून खिडकीपाशी बघितलं तर मागच्या सोनेरी ठिपक्यांवर तपकिरी थर, दोन ठिपके तर काळपट. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर पांढरं येतं तिथे याचं काय. खोडरबरने घासा असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, रबराचा भुगा आत जातो आणि सोन्याचा मुलामा मुळातच पातळ असतो. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या टोकाला किंचित लावलं आणि लेन्सचं मागचं तोंड खाली धरून पुसलं, कापड काळं झालं. बॉडीच्या बाजूला स्प्रिंगवाल्या बारीक पिना असतात, त्याही हलक्या हाताने पुसल्या आणि प्रत्येक पिन दाबल्यावर परत वर येते का ते बघितलं. रेघा गेल्या त्या गेल्या.

पण एरर पूर्ण नाही गेली. आणि आता एक नवीन लक्षात आलं की एफ ३.५ वर फोटो बरोबर येतात आणि एफ ११ वर पांढरेफट्ट. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा उजेड मोजतो तेव्हा लेन्सची पाकळी (आत येणारा उजेड कमी-जास्त करणारी, एफचा आकडा वाढला की मिटत जाणारी) पूर्ण उघडी असते, फोटो काढायच्या क्षणी ती एफ ११ पर्यंत मिटते आणि मग शटर उघडतं. ती वेळेत मिटलीच नाही तर हिशोब एफ ११ चा आणि प्रकाश एफ ३.५ चा. लेन्स काढून मागे बघा, कडेला एक छोटा पत्र्याचा दांडा असतो, तो बोटाने सरकवला की पाकळ्या उघडतात आणि सोडला की पटकन मिटायला हव्यात, डोळ्याला दिसूसुद्धा नये इतक्या पटकन. माझ्या जांभई दिल्यासारख्या मिटत होत्या. पाकळ्यांवर तेल आलेलं, उन्हाळ्यात वंगण पातळ होऊन पसरतं आणि मग धरून ठेवतं. हे घरी करायचं काम नाही. मुंबईला जाणं होतंच, फोर्टात बोरा बझारला एका कारागिराकडे दिली, त्याने माझ्यासमोर तोच दांडा हलवून बघितला आणि म्हणाला, "ताई, बॉडी आणलीच कशाला, लेन्स पुरे होती." दुसऱ्या दिवशी साफ करून मिळाली, तेव्हापासून एरर नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट करून घ्यायची, उजेड कमी-जास्त वाटला की. बॉडीवर हिरव्या ठिपक्याची दोन बटणं आहेत, दोन्ही दोन-तीन सेकंद दाबून धरली की बरीचशी सेटिंग मूळ जागी येतात. आधीच्या मालकाने एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) +१ ला ठेवून दिलेलं असतं आणि आपण मीटर बिघडला म्हणत बसतो.

५० एमएम वाल्यांसाठी : व्ह्यूफाइंडरमध्ये एफईई लुकलुकलं तर तो बिघाड नाही. लेन्सवरची अॅपर्चरची (त्याच पाकळ्यांची) रिंग २२ वर, म्हणजे नारिंगी आकड्यावर फिरवून लॉक करायची, बस. आणि ऑटोफोकस होतच नसेल तर माउंटशेजारी बॉडीवर एएफ-एमचा खटका आहे तो बघा, बॅगेत घालता-काढता तो सरकतो.

फोकस होतो पण फोटो मऊ येतो, ही वेगळी तक्रार. ट्रायपॉडवर लावा, एकदा व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काढा, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून). लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवर ठरतो, म्हणून तो फोटो धारदार आणि दुसरा मऊ असेल तर फोकसची जुळणी हललीय. डी९० मध्ये ती मेनूतून सुधारता येत नाही, डी३०० मध्ये आणि नंतरच्या डी७००० मध्ये येते. आरशाच्या खोलीतले षटकोनी स्क्रू फिरवा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नाही ऐकलं. घेण्याआधीच ही टेस्ट करा.

सेन्सरवरची धूळ. शिमग्याला पालखी नाचवताना गुलालात मी लेन्स बदलली नाही, तरी झूमची लेन्स आतबाहेर होताना हवा ओढतेच. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून पूर्ण मोठा करून बघा, ठिपके दिसतील. आधी मेनूतलं क्लीन इमेज सेन्सर, ते कंपनाने झटकतं. मग आरसा वर लॉक करून, कॅमेरा तोंड खाली धरून रबरी ब्लोअर. आरसा लॉक करायला बॅटरी चांगली भरलेली लागते, कमी असेल तर तो पर्याय निवडूच देत नाही आणि ते बरंच आहे, मध्येच आरसा खाली पडला तर काम तमाम. तोंडाने फुंकर नको, थुंकीचा शिंतोडा धुळीपेक्षा चिवट. चिकट डाग राहिला तर १६ एमएमचा स्वॅब (सेन्सर पुसायची चपटी काडी), एका बाजूने एकदाच, उलटी बाजू परत एकदा, संपलं. समोरून बघताना फोटोतला वर डावीकडचा डाग सेन्सरवर खाली डावीकडे असतो, हे लक्षात ठेवलं की शोधाशोध वाचते.

मागचं अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलंय. घाम, दमट हवा आणि वय, या काळातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं होतं. जुना गोंद अल्कोहोलने काढून पातळ दुहेरी टेपवर बसवलं. फेविक्विक अजिबात नाही, त्याची वाफ पांढरी होऊन काचेवर बसते. मागचं चाक कधीकधी उडी मारतं, १/१२५ वरून सरळ १/२००, बॅटरी काढून ते चाक दोन्हीकडे खूप वेळ गरागरा फिरवलं की बराच काळ शांत राहतं.

बॉडी स्वतः उघडायचा मोह झाला तर एवढंच सांगते, फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही चार्ज धरून असतो, ३०० व्होल्टच्या आसपास. आणि फ्लॅश वापरताना फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला म्हणून शटर गेलं असं समजू नका, आधी वेग बघा, १/२०० च्या वर साध्या फ्लॅशला पट्टा येणारच. फ्लॅश बंद करून १/४००० पर्यंत भिंतीचे फोटो काढा, तिथेही पट्टा असेल तर मात्र शटर. त्यात पैसे घालू नका, दुसरी चालू बॉडी शोधा, स्वस्त पडते.

ठेवायचं कसं : रबराच्या झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि एक छोटं आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा ठेवायचा. तांदूळ नको, त्याची पूड उडते. कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत पावसाळाभर ठेवलात तर बुरशी लेन्सच्या आत जाईल आणि ती काचेवरचं कोटिंग खाते, साफ केली तरी खुणा राहतात.

फोटोंबद्दल तक्रार नाही. आयएसओ (कमी उजेडात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत बिनधास्त, १६०० ला देवळातल्या समयांच्या उजेडात दाणा दिसतो पण घरच्यांना छापून दिले तर कुणी विचारत नाही, ३२०० नाइलाज असेल तरच. व्हिडिओ ७२० चा, २४ फ्रेमचा, सलग पाच मिनिटंच, आवाज मोनो, माइकला जागा नाही, आणि कॅमेरा भरकन फिरवला की खांब तिरके होतात. तो बिघाड नाही, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून होतं. व्हिडिओसाठी फोन वापरा.