कन्नड कागद मराठीत वाचून दाखवणारे वकीलसाहेब (खानापूर-बेळगावच्या लोकांनी वाचा)

आमच्या खानापूर तालुक्यातल्या जमिनीचा वाटणीचा दावा बेळगावच्या कोर्टात चाललाय, तो ज्या वकीलसाहेबांकडे दिलाय त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

आधीच्या वकिलाकडे बाबांनी एका कन्नड कागदावर सही केली आणि तो तडजोडीचा अर्ज होता हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. बाबांची शाळा सगळी मराठीत, कन्नड बोलतात पण वाचता येत नाही, आमच्याकडं अशी माणसं घरोघरी आहेत. इथं पहिल्याच दिवशी बाबांनी वकालतनाम्यावर सही करायला पेन काढलं तर साहेबांनी हात धरला, "थांबा, आधी ऐका, सही काय पळून जाते होय?" मग चष्मा कपाळावर सरकवून एकेका ओळीखाली बोट ठेवत अख्खा कागद मराठीत सांगितला, मधे कारकून दोनदा येऊन गेला तरी उठले नाहीत.

आमचा सगळ्यात जुना कागद पणजोबांच्या वेळचा, मोडी लिपीतला (मराठीची जुनी, जोडून लिहायची लिपी). 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेला, त्यामुळं आमची जुनी खरेदीपत्रं मोडीत आणि नंतरचे उतारे कन्नडात, जमीन तीच पण कागद जुळवायला दोन्ही वाचणारा माणूस लागतो. साहेबांना दोन्ही येतं. मोडीत पणजोबांचं नाव कुठंय ते त्यांनी दाखवलं तेव्हा बाबा किती वेळ त्या अक्षरांवरनं नुसतं बोट फिरवत बसलेले.

साहेब महाराष्ट्र एकीकरण समितीचे (बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणारी संघटना), 1986 च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात जेलमध्ये जाऊन आलेले, पुढं नगरसेवक झाले. बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला म्हणून 2005 ला कर्नाटक सरकारनं महापालिकाच बरखास्त केली, त्यात यांचं पण पद गेलं. पण गल्लीतली माणसं अजून गटार तुंबली, पाणी आलं नाही म्हणून त्यांच्याच बाकावर येऊन बसतात आणि ते कोर्टाचा काळा कोट अंगात असतानाच फोन लावतात. सीमाप्रश्नाचं विचारलं तर महाराष्ट्राचा 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा, कलम 131 (राज्यांचे वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणारं घटनेतलं कलम), सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालात कुठली गावं इकडं नि कुठली तिकडं, सगळं शांतपणे सांगतात, आवाज चढत नाही.

थांबावं लागतं हे खरं, एकदा आम्ही अकरापासून तीनपर्यंत बसलो आणि नंबर लागला नाही, बाबांना शुगर आहे त्यामुळं मला त्या दिवशी खूप राग आला होता, फोन करून वेळ ठरवायची पद्धत त्यांनी चालू करायलाच पाहिजे. फी टप्प्याटप्प्यानं घेतात, प्रत्येक वेळी पावती.

17 जानेवारी, 1 जून (दोन्ही सीमालढ्यातले हुतात्मा दिन) आणि 1 नोव्हेंबरला (काळा दिन) ऑफिस बंद असतं, 1 जूनला तर ते सकाळीच हिंडलग्याला हुतात्मा स्मारकावर असतात, त्या दिवशी गावाकडनं येऊ नका. आणि येताना घरातले मोडीतले कागद रद्दी समजून ठेवून येऊ नका, पेटीतलं सगळं घेऊन या.