फ्लॉपी, झिप की सीडी: आधी कुठल्या डब्याला हात घालायचा?

नारायण पेठेतल्या छापखान्याचा माळा उपसला किंवा कोथरूडमधलं जुनं घर रिकामं करायला घेतलं, की बुटाच्या खोक्यातून हमखास तीन प्रकारचा ऐवज निघतो. साडेतीन इंची फ्लॉप्या, जाडजूड झिप डिस्का (फ्लॉपीसारख्याच, पण जास्त माहिती मावणाऱ्या) आणि मार्करने ‘दिवाळी अंक फायनल’ लिहिलेल्या सीड्या. डिस्क किती जुनी आहे यावर क्रम लावू नका. ती वाचणारा धड ड्राइव्ह आज मिळतो का, ते आधी बघा. आमच्या मते सीड्या आज रात्रीच, फ्लॉप्या या महिन्यात आणि झिप सगळ्यात शेवटी घ्यावी. झिपच्या ड्राइव्हची शोधाशोध मात्र आजच सुरू करायची.

सीडी सोपी वाटते, आणि आहेही: जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह किंवा यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर पुरतो. गोम तिच्या रचनेत आहे. 1.2 मिलिमीटर जाडीतलं जवळजवळ सगळं प्लास्टिक चमकत्या बाजूला असतं. माहितीचा थर लेबलाखाली, नुसत्या वार्निशच्या आडोशाला. खालचा ओरखडा पॉलिश करून जातो, लेबलावर बॉलपेनाने काढलेली रेघ मात्र कायमची. सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला आरसा, म्हणजे चकाकणारा थर, उडाला आहे आणि तेवढी माहिती गेली. चिकटवलेलं कागदी लेबल सोलू नका, आरसा त्याच्याबरोबर निघून येतो. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्यात घालून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. डीव्हीडीत माहिती 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे दबलेली असते, म्हणून वरच्या ओरखड्यांना ती जास्त दाद देत नाही.

फ्लॉपीला वेळ द्यावा लागतो. 1981मध्ये सोनीने साडेतीन इंची आणली, 1987पासून 1.44 एमबीची चालू झाली, 1998च्या आयमॅकने ती वगळली आणि 2011मध्ये सोनीने जपानमधली विक्री थांबवली. नवे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह अजून ऑनलाइन मिळतात. ते 1.44 एमबी वाचतात, 720 केबीही बहुतेक वाचतात, पण जुन्या मॅकची 800 केबीची डिस्क त्यांना वाचता येत नाही. तिच्यासाठी आणि सव्वापाच इंचीसाठी जुना अंतर्गत ड्राइव्ह ग्रीसवीझलसारख्या, असे ड्राइव्ह यूएसबीला जोडणाऱ्या बोर्डाला जोडावा लागतो. हे काम हौशी माणसाचं.

डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याची झडप बोटाने सरकवा आणि मागची चकती फिरवत पृष्ठभाग पाहा. पुण्यात चार महिने पावसात काढलेल्या माळ्यावर पांढरट बुरशी धरतेच. बुरशीची डिस्क घातली की ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारा भाग, बरबटतं आणि पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडा काढतं. अशी डिस्क बाजूला ठेवा. झडप वाकली असेल तर ती काढूनच टाका, नाहीतर ड्राइव्हमध्ये अडकते. मग लेखनबंदीची खिडकी उघडी करा. साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे लिहिणं बंद. सव्वापाच इंचीत नेमकं उलटं, कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की बंद. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर नाहीच म्हणायचं.

फाइली एकेक ओढत बसू नका, आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्या. विंडोजवर विनइमेज, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. 1.44 एमबीच्या डिस्कचे 80 ट्रॅक, 2 बाजू, 18 सेक्टर, 512 बाइट यांचा गुणाकार 14,74,560 येतो, म्हणून तिची पूर्ण इमेज बरोबर तेवढ्याच बाइटची हवी. आकडा कमी आला तर वाचन अर्धवट राहिलं. खर्र-खर्र आवाज करत ड्राइव्ह एकाच जागी घुटमळू लागला तर थांबा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसा, वाळू द्या, मग पुन्हा प्रयत्न करा.

झिपची गोष्ट वेगळी. 100 एमबी म्हणजे जवळपास 70 फ्लॉप्या, आणि पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फाइली फोटोंसकट प्रेसला पाठवायची सोय. म्हणून नव्वदीच्या उत्तरार्धात डीटीपीवाल्यांनी ती घेतली. मग कोरी सीडी स्वस्त झाली आणि झिप मागे पडली. आज नवा ड्राइव्ह मिळत नाही. जुन्या बाजारात सापडलाच तर आधी मागचं सॉकेट बघा. पॅरलल आणि स्कझी (संगणकाला जोडण्याचे दोन जुने प्रकार) या दोन्ही मॉडेलांना दिसायला सारखंच 25 पिनांचं सॉकेट असतं, आणि चुकीच्या जागी जोडलं तर नुकसान होऊ शकतं. यूएसबी मॉडेल मिळालं तर तेच घ्या. 750 एमबीच्या झिपचा ड्राइव्ह 100 एमबीची डिस्क फक्त वाचतो, पण आपल्याला तेवढंच हवं आहे.

झिपचा खरा धोका म्हणजे ती कुप्रसिद्ध टक-टक. बिघडलेला ड्राइव्ह चकतीची कड फाडतो, आणि फाटक्या कडेची डिस्क चांगल्या ड्राइव्हचं हेड मोडते. रोग असा इकडून तिकडे फिरतो. म्हणून आणलेल्या ड्राइव्हमध्ये आधी बिनकामाची डिस्क घालून पाहा. टक-टक ऐकू आली तर ड्राइव्ह भंगारात. तुमच्या डिस्कची कड झडपेतून तपासा, दातेरी दिसली तर ती घालूच नका. मॅकवर भरलेली डिस्क विंडोजला कोरी वाटते, लिनक्सला बहुधा दिसते.

सगळं वाचून झालं तरी ऐवज थोडाच भरतो, शंभर फ्लॉप्यांचे दीडशे एमबीसुद्धा होत नाहीत. तो एका हार्ड डिस्कवर ठेवा, एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. पेनड्राइव्ह वाहतुकीपुरता ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नको.

फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसला, तर डिस्कला दोष देऊ नका. मजकूर श्रीलिपीत किंवा सीडॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार, तेव्हा मराठीसाठी युनिकोड रुळलं नव्हतं. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर युनिकोड कन्व्हर्टर चालवा. आणि जुन्या संगणकाची विल्हेवाट लावण्याआधी त्यातलं फॉन्टचं फोल्डर उचलून इमेजच्या शेजारी ठेवा.