सुट्रो बाथ्सची पायी सहल: बोगदा दाखवला, पण अर्धाच

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला, लँड्स एंडच्या कड्याखाली उरलेले सुट्रो बाथ्स या जुन्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावांचे अवशेष पाहण्यासाठी आम्ही एका खासगी संस्थेची दोन तासांची पायी सहल घेतली. गाइड बोलका होता आणि सोबतच्या ज्येष्ठांना झेपेल अशा बेताने चालत होता. 1896 मध्ये खुल्या झालेल्या, काचेच्या छपराखालच्या सात तलावांपैकी सहा खाऱ्या पाण्याचे होते आणि ते समुद्राच्या भरतीवर भरत, हे त्याने पडक्या भिंतींपाशी नेऊन नीट समजावले. शेजारच्या कड्यातील बोगद्यात शिरल्यावर लाटेचा दणका छातीत जाणवतो आणि ओला दगड हाताला गार लागतो. तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. भाड्याने देण्यासाठी 20,000 पोहण्याचे पोशाख आणि 40,000 टॉवेल असत, हे ऐकताच आईने "एवढे धुणे कोण करत असे?" असे विचारले, त्यावर मात्र गाइड नुसताच हसला.

तक्रार आहे ती हे बाथ्स बांधणाऱ्या अडॉल्फ सुट्रोविषयी. 1850 मध्ये प्रशियातून अमेरिकेत आलेला हा माणूस "चांदीच्या खाणींत श्रीमंत झाला", एवढ्या एका वाक्यात गाइडने त्याला उरकले. वास्तविक त्याचे नाव झाले ते चांदी खणून नव्हे, तर पाणी काढून. नेवाडातील कॉमस्टॉक भागातल्या चांदीच्या खाणी खोल गेल्या तसे त्यांत कढत पाणी भरू लागले, तेव्हा ते उताराने आपोआप वाहून जावे म्हणून त्याने सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा योजला. बड्या बँकवाल्यांनी त्याला अडवले. पण 1869 मध्ये तिथल्याच यलो जॅकेट खाणीच्या आगीत किमान 35 कामगार दगावले आणि सुटकेची दुसरी वाट म्हणून खाणकामगारांच्या संघटनेनेच बोगद्यासाठी पैसा उभा केला. 1878 मध्ये बोगदा खाणीला भिडला तोवर उत्तम चांदी संपत आली होती. सुट्रोने आपले शेअर वेळेवर विकून सॅन फ्रान्सिस्कोत जमिनी घेतल्या आणि नुकसान मागे राहिलेल्या भागधारकांनी सोसले. नेवाडात उताराने पाणी बाहेर काढणाऱ्यानेच इथे भरतीने पाणी आत घेतले, हा धागा त्या दगडी बोगद्यात उभे राहून सांगण्यासारखा होता.

अवशेष पाहायला तिकीट लागत नाही, त्यामुळे ही माहिती वाचून गेल्यास गाइडवाचून अडत नाही. धुक्यासाठी स्वेटर आणि पकड असलेले बूट हवेतच. शिवाय भरतीची वेळ पाहून जावे, ओहोटीला बोगदा जवळजवळ गप्प असतो. सहलीला पाचपैकी साडेतीन.